दिवसाला एक मिलिमीटर

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा सोव्हिएत संघात पाय-हात जायबंदी झालेल्या माणसांची गणती नव्हती. कित्येकांची मोडलेली हाडं वर्षं उलटली तरी जुळली नव्हती. जखमेतून पू वाहत राहायचा, पाय आखूड पडलेला असायचा आणि आयुष्य कुबड्यांवर यायचं. अशा काळात, १९४४ साली, सैबेरियाच्या पश्चिम टोकाला असलेल्या कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का नावाच्या खेड्यात एक तेवीस वर्षांचा डॉक्टर रुजू झाला. गाव्रील इलिझारोव्ह हा अझरबैजानच्या डोंगराळ भागात, गरिबीत वाढलेला तरुण. वैद्यकीय पदवी नुकतीच हातात पडलेली, साधनं जेमतेम, आणि प्रसूतीपासून अपेंडिक्सपर्यंत येईल त्या रुग्णाला तोच एकटा डॉक्टर.

मोडलेल्या हाडाला तेव्हा नेहमीचा उपाय म्हणजे प्लास्टर. पण प्लास्टर अख्खा पाय जखडून टाकतं. गुडघा-घोटा आखडतात, स्नायू वाळतात, आणि एवढं सोसूनही आतली हाडाची टोकं थोडीफार हलतच राहतात. इलिझारोव्ह यांनी वेगळा विचार केला. हाडातून आरपार बारीक तारा घालायच्या, जाडी जेमतेम दीड ते पावणेदोन मिलिमीटर. त्या पायाभोवतीच्या धातूच्या कड्याला बांधून सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या ताणायच्या. मोडीच्या वर एक-दोन कडी, खाली एक-दोन, आणि ती जोडणाऱ्या आटे पाडलेल्या सळया. ताण इतका, की तार शंभर किलोच्या आसपास भार पेलते. त्यामुळे हाड जागच्या जागी राहतं आणि रुग्ण त्याच पायावर वजन टाकून चालूही शकतो. हे चालणं फार महत्त्वाचं, कारण भार पडला की हाड बळकट होतं आणि भार काढून घेतला की ते झिजतं. या उपकरणाच्या हक्कासाठी त्यांनी १९५२ साली अर्ज केला.

पुढचा किस्सा अस्थिशल्यचिकित्सेच्या जगात हमखास सांगितला जातो. उपकरणाचा मूळ हेतू हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबून धरण्याचा होता. एका रुग्णानं सळयांवरचे नट उलट्या दिशेनं फिरवले. टोकं जवळ येण्याऐवजी लांब गेली. एक्स-रे काढला तेव्हा मधल्या फटीत नवं हाड धरू लागलेलं दिसलं.

किस्सा रंजक आहे, पण खरं श्रेय त्यानंतरच्या कामाला द्यायला हवं. असे योगायोग अनेक डॉक्टरांच्या वाट्याला येत असतील. इलिझारोव्ह यांनी त्या एका एक्स-रेचा पाठपुरावा जवळजवळ आयुष्यभर केला. कुत्र्यांच्या पायांवर प्रयोग करून त्यांनी एकेक बाब तपासली. लांबवण्यासाठी हाड मुद्दाम कापताना आतली मज्जा आणि वरचं पातळ आवरण जपलं तर काय होतं? उपकरण सैल असेल तर? ओढण्याचा वेग किती ठेवायचा? दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढलं तर फट वाढायच्या आतच हाड जुळून जायचं आणि लांबी वाढणं थांबायचं. दोन मिलिमीटर ओढलं तर रक्तवाहिन्या आणि पेशींना तो वेग झेपायचा नाही, फटीत हाडाऐवजी दुबळी ऊतीच राहायची. एक मिलिमीटर जमलं. तेही एका दमात नव्हे. दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर ओढलं, तर एकदाच ओढण्यापेक्षा हाड सरस बनतं. यंत्र लावून हाच मिलिमीटर साठ बारीक हिश्श्यांत विभागला तेव्हा निकाल आणखी चांगला आला.

हे सगळं एका नटात उतरलं आहे. सळईचे आटे असे पाडलेले, की नट पूर्ण एक फेरा फिरला की कडं एक मिलिमीटर सरकतं. म्हणजे पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. साधारण दर सहा तासांनी पाना लावायचा, पाव फेरा द्यायचा आणि वहीत खूण करायची. हे काम बहुतेक वेळा रुग्ण स्वतः करतो, किंवा घरातलं कुणी. डॉक्टर हाड कापून देतो, पण ते वाढवायचं काम घरी चालतं.

फटीत नेमकं काय घडतं? हाड कापल्यावर पाच ते सात दिवस काहीच करायचं नसतं. तेवढ्यात रक्ताची गाठ धरते, नव्या केशवाहिन्या शिरतात, दुरुस्तीच्या पेशी जमा होतात. मग ओढायला सुरुवात. सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेवर फट रिकामीच दिसते आणि नातेवाइकांचा धीर सुटू लागतो. त्यानंतर दोन्ही टोकांकडून फिकट उभ्या रेघा मध्याकडे सरकताना दिसतात. मधोमध एक करडा पट्टा उरतो. तिथे कोलॅजनचे तंतू ओढीच्या दिशेनं सरळ रांगेत लागलेले असतात आणि दोन्ही बाजूंनी हाड बनवणाऱ्या पेशी त्यांवर खनिज चढवत येतात. ओढणं थांबवल्यावर हा पट्टाही भरून निघतो. पण नवं हाड पक्कं व्हायला दर सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना जातो. पाच सेंटिमीटर लांबी हवी असेल, तर अंगावरची कडी सहा-आठ महिने सोसावी लागतात.

लहानपणी हाड कसं वाढतं, हे कोडं त्याआधी दोन शतकं सुटलेलं होतं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स आणि पुढे जॉन हंटर यांनी वाढत्या कोंबडीच्या हाडावर खुणा केल्या. कोंबडी मोठी झाली तरी त्या खुणांमधलं अंतर तेवढंच राहिलं, म्हणजे वाढ मध्यात होत नव्हती, ती टोकांना होत होती. माणसातही हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या चकत्या उंची वाढवतात आणि वयात आल्यावर काही वर्षांत त्या कायमच्या मिटतात. मोठ्या माणसाचं हाड पुन्हा लांब होणार नाही, ही समजूत त्यावरच उभी होती. इलिझारोव्ह यांच्या प्रयोगांनी दाखवलं, की प्रौढ हाडाच्या अगदी मधोमधसुद्धा नवी वाढ सुरू करता येते.

तरीही मॉस्कोतल्या नामवंतांनी या खेड्यातल्या डॉक्टरकडे बराच काळ पाठ फिरवली. चित्र पालटलं ते व्हलेरी ब्रुमेलमुळे. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक जिंकणारा आणि २.२८ मीटरचा विश्वविक्रम नावावर असलेला हा खेळाडू १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात सापडला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, पण पाय जुळेना. १९६८ साली तो कुर्गानला इलिझारोव्ह यांच्याकडे गेला. पाय जुळला आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरवर उडी मारू लागला. १९७१ साली कुर्गानमध्ये स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

पश्चिमेला हे तंत्र समजलं एका गिर्यारोहकामुळे. काराकोरममधल्या गाशेरब्रुम-४ शिखरावर १९५८ साली पहिल्यांदा पोचलेल्या जोडीतला कार्लो माउरी स्कीइंगच्या अपघातानंतर वर्षानुवर्षं लंगडत होता. नॉर्वेजियन संशोधक थोर हेयेरडाल यांच्या सागरी मोहिमांत त्याच्यासोबत युरी सेन्केविच हे सोव्हिएत डॉक्टर होते. त्यांनी त्याला कुर्गानचं नाव सुचवलं. १९८० साली माउरी तिथून सरळ पायानं परतला. इटालियन डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी इलिझारोव्ह यांना बेल्लाजिओच्या परिषदेत बोलावलं. सैबेरियात तीसेक वर्षं चाललेलं काम तेव्हा कुठे बाहेरच्या जगाच्या कानावर पडलं.

हाडाच्या संशोधनाचा दुसरा धागा अमेरिकेत विणला जात होता. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि स्नायूत चक्क नवं हाड धरलं. हाडातलं काहीतरी शेजारच्या पेशींना हाड बनवायला सांगत होतं. ती प्रथिनं पुढे वेगळी काढली गेली आणि त्यांतलं एक २००२ साली अमेरिकेत मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झालं. पुढे प्रयोगांत असंही दिसलं, की फट ओढली जात असताना हीच प्रथिनं तिथे जास्त प्रमाणात तयार होतात. तारेचा ताण आणि पेशींची रासायनिक भाषा असे एकाच ठिकाणी भेटले.

उपचार सोपा नाही, हे मात्र रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं. तारा जिथे कातडीतून आत जातात तिथे जंतुसंसर्ग होतो आणि तिथली स्वच्छता रोजच्या रोज करावी लागते. हाड वाढतं तसे स्नायू, नसा, कातडी हे सगळंच ताणलं जातं. रात्री झोप लागत नाही. व्यायाम टाळला तर घोटा वाकडा होतो. धूम्रपानानं नवं हाड धरायला उशीर लागतो. केवळ उंची वाढवण्याच्या हौसेनं धडधाकट माणसं हाडं कापून घेऊ लागली आहेत. जन्मतः आखूड पाय असलेल्या मुलानं जे सोसावं, ते तीन-चार इंचांसाठी सोसणं योग्य वाटत नाही. या तंत्राची खरी किंमत सडलेलं हाड काढून टाकल्यावर उरलेली फट भरताना, वाकडे पाय सरळ करताना, किंवा ज्यांचा जबडा खुरटा राहिला आहे अशा मुलांमध्ये कळते. जबड्यासाठीचा वापर न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी १९९२ साली मांडला.

आता हाडाच्या पोकळीत बसणारा, बाहेरून चुंबकानं लांबवता येणारा खिळा निघाला आहे. कडी नाहीत, कातडीतून जाणाऱ्या तारा नाहीत. पण तो महाग आहे, आणि जिथे हाडात पू आहे तिथे तो घालता येत नाही. मोटारसायकलच्या अपघातात नडगी उघडी पडून हाड कुजल्यावर येणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णाला म्हणून आजही कडीच लागतात. त्याला शस्त्रक्रियेइतकीच गरज असते ती नियमित एक्स-रेची, तारांच्या जखमा बघणाऱ्या नर्सची आणि सांधे हलते ठेवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची, तीही घरापासून एसटीच्या अंतरावर. अकोल्यासारख्या शहरात या तंत्राला वाहिलेलं केंद्र उभं राहिलं, ते विदर्भातल्या अशा रुग्णांच्या दृष्टीनं म्हणूनच मोलाचं ठरतं.