मोटारीचे निदान : लेखांक ४ – फॉल्ट कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

मागील लेखांकात सेन्सरकडून येणारी मापे ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, कशी पडताळतो हे पाहिले. एखादे माप अपेक्षित मर्यादेबाहेर गेले की ईसीयू त्याची नोंद फॉल्ट कोडच्या रूपात करतो. ही नोंद सर्व कंपन्यांच्या गाड्यांत एकाच पद्धतीने वाचता यावी, यासाठी अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ ही प्रणाली बंधनकारक झाली, तर भारतात ती बीएस-४ चारचाकींना एप्रिल २०१३ पासून लागू झाली.

कोडमध्ये एक अक्षर आणि चार अंक असतात. ‘पी’ हे अक्षर इंजिन आणि ट्रान्समिशन दर्शवते. पहिला अंक ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान असतो, १ असेल तर तो त्या कंपनीने स्वतः ठरवलेला असतो. दुसरा अंक विभाग सांगतो : १ व २ म्हणजे इंधन व हवा, ३ म्हणजे इग्निशन व मिसफायर, ४ म्हणजे धूरनियंत्रण, ७ व ८ म्हणजे ट्रान्समिशन. उरलेले दोन अंक नेमकी तक्रार दाखवतात.

मात्र तक्रार म्हणजे कारण नव्हे, आणि याचे उत्तम उदाहरण म्हणजे पी०१७१. या कोडचा अर्थ ‘बँक १ मधील मिश्रण लीन’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असा आहे. बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला असतो ती बाजू. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते, आणि एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरने जादा ऑक्सिजन कळवला की ईसीयू पेट्रोल वाढवतो. या दुरुस्तीच्या टक्केवारीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ती वाढवत नेण्याची मर्यादा संपली की कोड नोंदला जातो. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सरच बदलून टाकण्याकडे कल असतो, वास्तविक त्या सेन्सरने बहुधा आपले काम चोख केलेले असते. आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर ज्या गाडीत आहे, तिच्यात ट्रिम आयडलवर जास्त आणि आरपीएम वाढवताच कमी होत असेल, तर इनटेक मॅनिफोल्ड किंवा व्हॅक्यूमच्या नळीतून न मोजलेली हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. उलट लोड वाढेल तशी ट्रिम वाढत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा एमएएफ सेन्सर तपासावा.

ट्रान्समिशनच्या कोडांत ही सावधगिरी आणखी आवश्यक ठरते. पी०७०० हा कोड ट्रान्समिशनच्या स्वतंत्र संगणकात काही नोंद झाली आहे एवढेच इंजिनाच्या ईसीयूला कळवतो, त्यामुळे ती मूळ नोंद वाचू शकणारा स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. तेथे पी०७३० आढळल्यास गिअरचे गुणोत्तर जुळत नाही, असे समजावे. समजा, गिअरचे गुणोत्तर १.५ आहे आणि इनपुट शाफ्ट ३००० आरपीएमने फिरत आहे, तर आउटपुट शाफ्टने २००० दाखवले पाहिजेत. तो १८०० दाखवत असेल, तर आतील क्लच घसरत असेल किंवा वेगमापक सेन्सर चुकत असेल. क्लच घसरण्यामागेही कमी झालेले तेल, चिकटलेला सोलेनॉइड किंवा झिजलेल्या क्लचप्लेट अशी निरनिराळी कारणे संभवतात, आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणूनच गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेलाची पातळी व रंग पाहणे हे पहिले काम ठरते.

कोड पुसून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. पुसताना फ्रीज फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान इत्यादींची नोंदही जाते, आणि अनेक बिघाड लागोपाठ दोन ड्रायव्हिंग फेऱ्यांत आढळल्यावरच दिवा लावत असल्यामुळे दिवा काही काळ विझलेला राहून दुरुस्ती झाल्याचा भास होतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करण्याइतका मिसफायर चालू असतो, तेव्हा गाडी पुढे दामटू नये. फ्रीज फ्रेममधील मापांवरून बिघाडाची परिस्थिती पुन्हा कशी निर्माण करावी, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.