गिटारीचा पिकअप आणि मूळ आवाज

स्नेहसंमेलन जवळ आले की पालक विचारतात, "गिटारीला पिकअप बसवला तर मूळ आवाज बिघडेल का?" याचे उत्तर देताना दोन आवाज वेगळे धरावेत, असे आम्हांला वाटते.

पहिला, वायर न जोडता ऐकू येणारा. सतारीला घोडी असते, तसे गिटारीच्या ब्रिजवर हाडाचे किंवा प्लास्टिकचे सॅडल असते. तारांचे कंपन त्यातून वरच्या लाकडी फळीत उतरते. फळी आणि पोकळीतली हवा मिळून आवाज घडवतात. पिकअपची पातळ पट्टी सॅडलच्या तळाशी बसते. खाच सपाट असेल आणि पट्टीच्या जाडीइतके सॅडल घासले असेल, तर या आवाजात फरक थोडाच पडतो. सॅडल घासले नाही, तर तारा उंच होऊन लहान बोटे दुखतात.

दुसरा, स्पीकरमधून येणारा. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. हा पिकअप त्याच तत्त्वावर चालतो. तो सॅडलवरचा बदलता दाब टिपतो. पोकळीतला घुमारा त्याच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. म्हणून आवाज कोरडा व टणक वाटतो. प्रीॲम्प न वापरता वायर थेट मिक्सरला जोडली, तर खर्जही हरवतो. मात्र ढोलक-कीबोर्डच्या गर्दीत माइकपेक्षा शिट्टी कमी येते, हा त्याचा मोठा फायदा.

तेव्हा वाद्यवृंदासाठी पिकअप जरूर बसवावा. एकट्या गिटारीला शांत सभागृहात समोर ठेवलेला माइक पुरतो. त्यासाठी शिकणाऱ्या मुलाच्या वाद्याला भोक पाडण्याची घाई नको.