किनारपट्टीवरील गुलाबाचे रोग व किडी : ओलाव्याच्या दृष्टीने विचार

रत्नागिरी येथील मांडवीचा परिसर समुद्राला अगदी लागून आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो; उरलेला काळ बव्हंशी कोरडा जातो. अशा ठिकाणच्या परसबागेतील गुलाबावर येणाऱ्या रोग-किडींचे त्यामुळे दोन गट पडतात : एक पानावरील पाण्यावर अवलंबून असणारा व दुसरा कोरड्या हवेत बळावणारा. हा भेद न जाणता वर्षभर एकच औषध फवारल्यास खर्च व्यर्थ जातो व उपकारक कीटकांचाही नाश होतो.

पहिल्या गटातील प्रमुख रोग काळ्या ठिपक्यांचा होय. तो ‘डिप्लोकार्पोन रोझी’ या कवकामुळे होतो. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर त्याचे बीजाणू खालच्या पानांवरून वरच्या पानांवर पोहोचतात. परंतु ते रुजून पानात शिरण्यासाठी पान सुमारे सात तास सतत ओले राहावे लागते. म्हणून पावसाळ्यात झाडांत अंतर ठेवणे, गळलेली पाने वेचून जाळणे व पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालणे यांस औषधाइतकेच महत्त्व आहे. मॅन्कोझेब (१० लिटर पाण्यात २५ ग्रॅम) रोग रोखते. पानात शिरलेले कवक मात्र त्याने मरत नाही. यास्तव उघडीप पाहून, ठिपके वाढण्यापूर्वीच फवारणी करावी.

पावसाळा संपल्यावर छाटणी होते. छाटलेल्या टोकातून कवकाचा प्रवेश झाल्यास फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते. येथे मिलार्दे यांनी १८८५ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध केलेले बोर्डो मिश्रण उपयोगी पडते. सुपारीच्या कोळेरोगामुळे कोकणातील बागायतदारांस ते परिचित आहेच. मात्र थंड, ओलसर हवेत ताम्रयुक्त औषधाने गुलाबाची पाने करपू शकतात. म्हणून निरोगी भागापर्यंत छाटून मोरचूद १, चुना १ व पाणी १० या प्रमाणातील बोर्डो मलम केवळ छाटलेल्या टोकांस लावणे इष्ट ठरते.

दुसऱ्या गटातील भुरीची रीत याच्या उलट आहे. ‘पोडोस्फीरा पॅनोसा’ या कवकाच्या बीजाणूंस रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागत नाही. उलट तो त्यांस बाधक ठरतो. थंड, दमट रात्री व कोरडे दिवस त्यास मानवतात. याच दिवसांत आंब्याच्या मोहोरावरही भुरी येते. नाव एक असले तरी दोन्ही कवके भिन्न असून गुलाबाची भुरी आंब्यावर जात नाही. पाण्यात मिसळणारे गंधक (१० लिटरमध्ये २० ग्रॅम) दोन्हींवर चालते. तथापि तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असता त्याने पाने भाजतात.

किडींच्या बाबतीतही हाच विवेक हवा. मावा व फुलकिडे कोवळ्या शेंड्यांतील व कळ्यांतील रस शोषतात; त्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरू शकतो. खवले कीड कवचाखाली राहत असल्याने प्रौढ अवस्थेत स्पर्शजन्य औषधास दाद देत नाही. ती खरवडून काढावी किंवा नुकतीच बाहेर पडलेली रांगती पिले असतानाच उपाय करावा. लाल कोळी हा कीटक नसून अष्टपाद प्राणी आहे. कोरड्या उन्हाळ्यात तो पानांच्या मागे जाळी विणतो. सर्वनाशक कीटकनाशके त्याच्या शत्रूंचा संहार करतात व तो अधिकच माजतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.च्या वापराने फळबागांत हेच घडले. सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने पानांची मागील बाजू धुणे हा त्यावरील साधा उपाय होय.

जुन्या पुस्तकांत कोळ्यासाठी डायकोफॉल व भुरीसाठी डिनोकॅप सुचविलेले आढळते. भारतात २०२३ च्या आदेशाने या दोन्हींवर बंदी आली आहे. अशा स्थितीत औषधांची यादी पाठ करण्यापेक्षा भिंग घेऊन पानाच्या दोन्ही बाजू पाहणे, कारण कवक, कीटक की कोळी हे ठरविणे आणि पान किती वेळ ओले राहते याची नोंद ठेवणे, हाच उपचाराचा पाया होय.