प्रश्न जगाचे, शब्द इंग्रजीचे – भाग ६ : कर्ज, मदत आणि मृत्यू

मागच्या भागात हवामानबदलाचे शब्द पाहिले. या आठवड्यात शेतीच्या संकटाचे, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘अ‍ॅग्रेरियन डिस्ट्रेस’ म्हणतात त्याचे शब्द घेऊ. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत या शब्दांसाठी दूरदूरच्या देशांची उदाहरणे असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या मुलामुलींनी तेवढे लांब जायचे कारण नाही. त्यांच्या तालुक्यात कापूस आहे, कोरडवाहू जमीन आहे, कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे पाडे आहेत, अनुसूचित क्षेत्रातली गावे आहेत. या विषयावरचा निबंध त्यांच्याइतक्या अधिकाराने दुसरे कोण लिहील?

सुरुवात पावसापासून. आपल्याकडे मुले सरसकट ‘ड्रॉट’ लिहितात. पण यवतमाळ जिल्ह्यात पुष्कळदा पाऊस सरासरी गाठतो आणि तरी पीक जाते, कारण पेरणीनंतर तो तीन-तीन आठवडे दडी मारतो. या खंडाला ‘ड्राय स्पेल’ म्हणतात. कोरडवाहू शेती म्हणजे ‘रेनफेड फार्मिंग’. ‘ओला दुष्काळ’ मात्र शब्दशः इंग्रजीत नेऊ नका, बाहेरच्या वाचकाला ‘वेट ड्रॉट’चा बोध होत नाही. ‘क्रॉप लॉस ड्यू टू एक्सेस रेनफॉल’ असे सरळ लिहावे.

आता कर्ज. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज म्हणजे ‘इन्स्टिट्यूशनल क्रेडिट’, सावकाराचे ते ‘इन्फॉर्मल क्रेडिट’. कर्ज थकले की माणूस ‘डिफॉल्टर’ ठरतो आणि बँकेचे दार बंद झाले की सावकाराकडे वळतो. एक कर्ज फेडायला दुसरे काढावे लागते, तो ‘डेट ट्रॅप’. इथे दोन शब्द नीट वेगळे करायला हवेत : ‘वेव्हर’ आणि ‘रिलीफ’. केंद्राच्या २००८च्या कर्जमाफी योजनेच्या नावातच हे दोन्ही शब्द होते. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना वेव्हर, म्हणजे पात्र थकबाकी पूर्ण माफ. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना रिलीफ, म्हणजे ७५ टक्के भरा, मग २५ टक्के सूट. विदर्भातल्या सहा-सात एकर कोरडवाहूवाल्याला त्यामुळे ‘मोठा शेतकरी’ धरले गेले. ओलिताच्या दोन एकरांत निघते तेवढेही त्याच्या सहा एकरांत निघत नाही, हे त्या मर्यादेने पाहिलेच नाही. माझ्या मते हा अन्याय होता. अशा वेळी ‘लँडहोल्डिंग’ आणि ‘इन्कम’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

त्याहून महत्त्वाची जोडी ‘कॉम्पेन्सेशन’ आणि ‘एक्स ग्रेशिया’ची. पहिली भरपाई, ती हक्काने मागता येते. दुसरी सानुग्रह मदत, ती देताना सरकार जबाबदारी स्वीकारत नाही. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला २००६पासून मिळणारे एक लाख रुपये या दुसऱ्या प्रकारात मोडतात. तेही प्रकरण ‘पात्र’ ठरले तर. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे, हे तपासून समिती ‘एलिजिबल’ किंवा ‘इनएलिजिबल’ ठरवते. मक्त्याने शेती करणारा ‘टेनंट फार्मर’ सातबाऱ्यावर नसतो, म्हणून त्याचे घर सहज अपात्र ठरते. तेव्हा ‘फॅमिलीज रिसीव्ह्ड कॉम्पेन्सेशन’ हे वाक्य बहुतेक वेळा खोटे असते.

आता फवारणी. २०१७च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसे दगावली. उंच वाढलेल्या कपाशीत शिरून मजूर फवारत होते. या घटनेला काहींनी ‘मिसयूज’ म्हटले, काहींनी ‘एक्सपोजर’. पहिल्या शब्दात दोष फवारणाऱ्याचा होतो. दुसऱ्यात औषध, पंप, लेबल, साधने न पुरवणारा मालक, सगळेच चौकशीत येतात. हे प्रकरण पुढे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा चर्चेतला शब्द होता ‘लायबिलिटी’, कायदेशीर उत्तरदायित्व. मारेगावच्या शेजारच्या शिवारातल्या दुखण्याबद्दल युरोपातल्या न्यायालयाला सांगायचे तर हाच शब्द हाताशी लागतो.

शेवटी सर्वांत नाजूक शब्द. ‘कमिटेड सुइसाइड’ लिहू नका. ‘कमिट’ हे क्रियापद इंग्रजीत गुन्ह्यांना लागते, आणि जुन्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हाच होता. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेले नाही. ‘डाइड बाय सुइसाइड’ असे लिहावे. ज्या जिल्ह्यात वर्गातल्या एखाद्या बाकावर आत्महत्येने माणूस गमावलेल्या घरातले मूल बसलेले असू शकते, तिथे शिक्षकांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

पुढच्या भागात स्थलांतर आणि विस्थापन. तोवर आपल्या गावच्या यंदाच्या कापसावर इंग्रजीत दहा वाक्ये लिहा. ‘मिस्टेक्स वर मेड’सारखी कर्ता लपवणारी रचना टाळा. कर्ज कोणी नाकारले, भाव कोणी पाडला, औषध कोणी विकले, हे प्रत्येक वाक्यात नाव घेऊन यायला हवे. लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या.