राजघाटची पुस्तकं

यंदा दोन ऑक्टोबरला आमच्या काशीतल्या एका ग्रंथालयात राष्ट्रपित्याच्या जीवनावरचं प्रदर्शन पाहिलं. पोरबंदरपासून बिर्ला भवनापर्यंत फ्लेक्सचे गुळगुळीत फलक. काशीच्या वाट्याला एकच, त्यावर झाडू आणि चष्मा. गांधींचं एखादं पुस्तक चाळायला मागितलं, तर उत्तर आलं, ‘कपाटं बंद आहेत.’ ग्रंथालयातच हे ऐकावं लागलं, म्हणून जास्त लागलं.

1902 साली गांधी इथे आले, तेव्हा विश्वनाथाच्या गल्लीतली घाण पाहून व्यथित झाले. 1916 च्या फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभातल्या भाषणात त्यांनी त्या घाणीबरोबर राजेमहाराजांच्या अंगावरचं जडजवाहीर आणि व्हाइसरॉयसाठी ठेवलेला गुप्त पोलिसांचा पहारा यांचाही विषय काढला. ॲनी बेझंट यांनी त्यांना मध्येच अडवलं. आजच्या फलकावर घाण तेवढी उरली आहे. जवाहीर आणि पोलीस गळाले.

त्याच वर्षी विनायक नरहर भावे हा विशीतला मुलगा घर सोडून काशीला आला. आमच्या मंगला गौरी मोहल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, दुर्गाघाटावर राहिला. अन्नछत्रात जेवायचा, ग्रंथालयात बसून धर्मग्रंथ वाचायचा. त्या भाषणाची हकिकत वाचून त्याने गांधींना पत्र घातलं आणि जूनमध्ये त्यांच्या कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. हा मुलगा पुढे विनोबा झाला, त्यात काशीतल्या या वाचनाचा वाटा आहे. प्रदर्शनात त्याला चार ओळी नाहीत.

मधली वर्षं पुतळे आणि पुष्पहारांची. ती सोडून देतो. मी सत्तरच्या दशकात वाढलो. गांधींची जन्मशताब्दी नुकतीच होऊन गेली होती. काशीच्या राजघाटावर सर्व सेवा संघ या गांधीविचारांच्या संस्थेचं आवार होतं, शेजारी जयप्रकाश नारायणांनी उभी केलेली गांधी विद्या संस्था. तिथलीही चित्रं साधीच, पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेली, कडा उचकटलेल्या. पण चित्रासमोर उभं राहून प्रश्न पडला, की दोन पावलांवर पुस्तक मिळायचं. ‘गीता प्रवचने’ हिंदीत मी तिथेच वाचली. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी टिपून घेतलं, हे मराठी घरात जन्मूनही मला राजघाटावर कळलं.

मग 1974 उजाडलं. बिहारच्या आंदोलनावरून जयप्रकाश आणि विनोबा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सर्वोदयाची माणसं दुभंगली. आणीबाणीत जयप्रकाश कैदेत आणि विनोबांचा आणीबाणीबद्दलचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारी प्रचारात. काशीतल्या पक्का महाल वस्तीतल्या आमच्या मराठी घरांतून तेव्हा कडाक्याची भांडणं झाली. ‘विनोबा आपले’ म्हणून त्यांची पाठराखण करणाऱ्यांशी मी भांडलो, आजही भांडेन. जयप्रकाश तुरुंगात असताना तो शब्द सत्तेच्या कामी आला, हे खोटं नाही; नंतरच्या खुलाशांनी ते धुऊन निघत नाही. पण राजघाटच्या फळीवर दोघंही शेजारी शेजारी होते. कोणाचंही पुस्तक काढावं आणि आपलं मत आपण ठरवावं.

1979 साली जयप्रकाश गेले, 1982 साली विनोबा. आवार थकत गेलं. कार्यकर्ते म्हातारे झाले, वाचक रोडावले. 2023 साली जमीन रेल्वेची ठरवून प्रशासनाने ते रिकामं केलं. जमीन खरेदीखतांनी घेतलेली आहे, हे संघाचं म्हणणं प्रशासनापुढे टिकलं नाही. जुलैमध्ये पुस्तकं उघड्यावर आली, ऑगस्टमध्ये इमारतींवर बुलडोझर फिरला. जमिनीचा वाद कोर्टात लढता येतो. पावसाळ्यात पुस्तकं बाहेर काढायची घाई कशासाठी होती?

गांधींचं चरित्र म्हणजे माणसांनी त्यांच्याशी घातलेला वादही आहे. तो वाद वाचायला मिळाला नाही, तर उरते ती आरती. पुढच्या ऑक्टोबरात जे कोणी फलक लावतील, त्यांनी आधी कपाटांची कुलपं काढावीत, 1916 चं भाषण पूर्ण छापून टेबलावर ठेवावं आणि दुर्गाघाटच्या त्या मुलाची गोष्ट सांगावी. काशीतल्या पोरांना गांधी कळायचे असतील, तर ते वाचूनच कळतील.