थोड्या पैशांत ताडोबा

वाघ पाहायला जंगलात जावे असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. पण खर्चाचा आकडा ऐकला की बेत तिथेच थांबतो. हा आकडा कसा बनतो ते नीट पाहिले, तर तो बराच कमी करता येतो. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचेच उदाहरण घेऊ. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले. शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ सालचे. हे दोन्ही मिळून आज व्याघ्र प्रकल्प आहे.

प्रथम हिशेब करू. नागपूरहून चंद्रपूरला रेल्वे आणि एस. टी. दोन्ही जातात, त्यामुळे प्रवास फारसा महाग पडत नाही. मोठा खर्च असतो तो जंगलात फिरवणाऱ्या जिप्सीचा. चालक व वाटाड्या सोडून तिच्यात सहाजण बसतात, आणि भाडे पूर्ण गाडीचे असते. म्हणजे चौघेच गेलात तर प्रत्येकाचा वाटा सहाजणांच्या वाट्याच्या दीडपट होतो! म्हणून गट सहाच्या पटीत करा. शनिवार-रविवारपेक्षा इतर दिवशी शुल्क कमी असते. मात्र मंगळवारी उद्यान बंद असते, हे विसरू नका. गाभा क्षेत्रापेक्षा त्याच्या भोवतालच्या बफर क्षेत्रातील फेरी स्वस्त असते. वाघाला ही सीमा ठाऊक नसते. तो दोन्हीकडे फिरतो. दर बदलत असल्याने वनविभागाच्या संकेतस्थळावर ते पाहूनच आरक्षण करा.

आता जायचे केव्हा? पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. हिवाळ्यात हवा सुखद असते, पण गवत उंच आणि झाडी दाट. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, ओढे आटतात आणि प्राण्यांना उरलेल्या पाणवठ्यांवर यावेच लागते. वाघ तर पाण्यात बसून अंग थंड करतो. म्हणून उन्हाळ्यात प्राणी अधिक दिसतात. पण चंद्रपूरचे तापमान मे महिन्यात ४५ अंशांवर जाऊ शकते. तेव्हा मार्च महिना हा चांगला मध्य होय. त्या सुमारास मोहाची फुले गळू लागतात आणि ती खायला अस्वले येतात.

कपडे नवे घेण्याची गरज नाही. हरणांच्या डोळ्यांना लाल आणि हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही. म्हणूनच नारिंगी वाघ त्यांना झाडीत दिसत नाही. निळा रंग मात्र त्यांना चांगला दिसतो. तेव्हा निळे व पांढरेशुभ्र कपडे टाळून घरातले मातकट रंगाचे कपडे घाला. पहाटे उघड्या गाडीत वारा अंगाजवळची उबदार हवा उडवून नेतो, म्हणून स्वेटर हवाच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एका वाघाला वर्षाला चितळाएवढ्या आकाराचे सुमारे ५० प्राणी लागतात. एवढे प्राणी दरवर्षी मारले जाऊनही कळप टिकायचे, तर जंगलात त्या वाघामागे सुमारे ५०० तृणभक्षक हवेत. म्हणजे शेकडो चितळे दिसावीत आणि वाघ दिसू नये, हा निसर्गाचाच हिशेब आहे. सारे पैसे वाघ दिसण्यावर लावलेत, तर निराश होऊन परताल.

त्याऐवजी कान उघडे ठेवा. झाडावरचे वानर खाकरल्यासारखे ओरडले, चितळाने तीव्र शीळ घातली, की सावध व्हा. सांबराने ‘ढांक’ असा आवाज दिला, तर बहुधा वाघ किंवा बिबट्या जवळच असतो. अशा वेळी गाडी थांबवून गप्प बसा. चालकाला वेगाने न्यायचा आग्रह कधीही धरू नका. वाटेच्या धुळीतले ठसे वाटाड्याकडून समजून घ्या. तो बहुधा जवळच्याच गावचा असतो आणि त्याच्याइतके हे जंगल कोणत्याही पुस्तकाला माहीत नसते.

शिक्षकांनी सहाजणांच्या प्रत्येक गटात कामे वाटून द्यावीत. एकाने वेळ लिहावी, दुसऱ्याने आवाज, तिसऱ्याने ठसे, चौथ्याने पक्षी, पाचव्याने झाडे, सहाव्याने सस्तन प्राणी. परतल्यावर सहा वह्या एकत्र मांडा. कोणत्या आवाजानंतर काय दिसले, पाणवठ्यावर कोण केव्हा आले, हे त्यांतून उलगडत जाईल. वाघ दिसला तर उत्तमच. पण नाही दिसला, तरी तो कुठून गेला असावा हे तुम्हाला सांगता येईल.