बाजार वर जात असताना विकायचं, पडत असताना घ्यायचं? पोर्टफोलिओ रिबॅलन्सिंगची शिस्त समजून घ्या

सोमवार, २३ मार्च २०२०. लोकल बंद होत्या. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत लोक घरात अडकले होते. त्या एका दिवसात सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला. रिबॅलन्सिंगच्या नियमानुसार तो शेअर खरेदीचा दिवस होता. पण अशा दिवशी नियम कुणाला आठवतो?

रिबॅलन्सिंग म्हणजे काय?

गुंतवणूक करताना आपण एक प्रमाण ठरवतो. उदाहरणार्थ, ६० टक्के इक्विटी फंडात आणि ४० टक्के एफडी किंवा डेट फंडात. बाजार वरखाली झाला की हे प्रमाण बिघडतं. ते पुन्हा जागेवर आणणं म्हणजे रिबॅलन्सिंग.

आता आकडे बघू. समजा, मुलुंडच्या एका नोकरदाराचे १४ जानेवारी २०२० रोजी ६ लाख रुपये सेन्सेक्स इंडेक्स फंडात आणि ४ लाख एफडीत होते. तेव्हा सेन्सेक्स ४१,९५२ वर होता. २३ मार्चला त्या ६ लाखांचे साधारण ३ लाख ७२ हजार उरले आणि इक्विटीचा वाटा ४८ टक्क्यांवर आला. प्रमाण सावरायला एफडीतले सुमारे ९१ हजार फंडात टाकावे लागले असते. ३१ मार्च २०२१ रोजी सेन्सेक्स ४९,५०९ वर होता. एफडीचं व्याज बाजूला ठेवलं, तर हे धाडस करणाऱ्याकडे न करणाऱ्यापेक्षा सुमारे ८३ हजार रुपये जास्त असते.

अर्थात, नेमका तळ कुणालाच सापडत नाही. २००८च्या मध्यावर खरेदी करणाऱ्याने मार्च २००९ पर्यंत आणखी पडझड पाहिली.

शिवाय गोष्ट इथे संपत नाही. मार्च २०२१ मध्ये त्याच नोकरदाराची इक्विटी ७४ टक्क्यांवर गेली असती. म्हणजे आता सुमारे १ लाख ६८ हजारांची विक्री करायची, तीही ऑफिसमधला प्रत्येक जण नवं डीमॅट खातं उघडत असताना. खरं तर हे जास्त अवघड. घसरणीत भीती निदान ओळखता येते, तेजीत हाव हुशारीसारखी वाटते.

म्हणूनच तारीख आधी ठरवावी लागते. वर्षातून एकदा, किंवा प्रमाण पाच टक्क्यांहून जास्त हललं तर, एवढं बहुतेकांना पुरतं. दर महिन्याला ढवळाढवळ केली तर कर आणि एक्झिट लोडच वाढतो.

घराचं काय?

उपनगरातल्या कुटुंबाची सगळ्यात मोठी मालमत्ता बहुधा राहता फ्लॅटच असतो. पण बोरिवलीच्या वन बीएचकेमधलं स्वयंपाकघर विकून प्रमाण साधता येत नाही. राहतं घर या हिशेबाबाहेर ठेवावं. पीपीएफ मात्र ४० टक्क्यांच्या बाजूला धरावा, जरी त्यातून हवे तेव्हा पैसे काढता येत नसले तरी.

विक्री टाळायची असेल, तर नवी एसआयपी किंवा बोनस मागे पडलेल्या बाजूला वळवणं हा सोपा मार्ग. विकावंच लागलं, तर २३ जुलै २०२४ पासूनचे नियम पाहा: इक्विटी फंड वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर विकल्यास एका आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, त्यावर १२.५ टक्के. त्यामुळे रक्कम मोठी असेल तर काही विक्री मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये केली, की दोन आर्थिक वर्षांची सूट वापरता येते.